रामटेकेभाऊंचं पहिलं बक्षीस

भद्रावतीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं नोकरी केली, आणि सकाळी पांढरा शर्ट घालून येऊन संध्याकाळी तो पांढराच घरी परत नेणारा माणूस तिथे एकच पाहिला. रामटेकेभाऊ. तिकडचं कोणी हे वाचेल तर म्हणेल, बाई काहीही फेकते. फेकत नाही. तिथे सकाळी वाळत घातलेला टॉवेल दुपारी खांद्यावर टाकला की मान काळी व्हायची. पापडसुद्धा आम्ही घरात, पंख्याखाली वाळवायचो. अशा जागी हा माणूस खिशात दोन रुमाल ठेवायचा. एक तोंडाला, एक खुर्चीला. खुर्ची झटकल्याशिवाय बसायचे नाहीत. साहेब समोर उभा असला तरी आधी खुर्ची, मग साहेब.

सुखदेव रामटेके आमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, खाणीचे नकाशे काढायचे. मी टायपिस्ट. एकाच खोलीत एका बाजूला माझं मशीन, दुसऱ्या बाजूला त्यांचं उतरतं टेबल, मधे एक लोखंडी कपाट. मी ब्रह्मपुरीकडची, ढिवराची पोर. बाप वैनगंगेत जाळं टाकायचा. ते आरमोरीच्या अलीकडच्या एका खेड्यातले, बौद्ध. दोघांच्याही घराण्यात टेबलखुर्चीवर बसून पगार घेणारं आम्हीच पहिलं माणूस, म्हणून आमचं लवकर जमलं. डबा खाताना मी त्यांना झिंग्यांची चटणी द्यायची, ते मला वांग्याची भाजी द्यायचे. त्यांच्या बायकोच्या हाताला भारी चव होती. मी एकदा विचारलं, "भाऊ, असं चांगलं झालं म्हणून घरी सांगता का कधी वहिनीले?"

"कायले? उद्या मीठ जास्त पडन."

असं त्यांचं बोलणं. कमी आणि कोरडं. कामात मात्र इतके संथ की माझा जीव जायचा. वरून निरोप यायचा, नकाशा आज पाहिजे. मी धावत जाऊन सांगायची. ते रेघ पुरी करायचे, पेन पुसायचे, टोपण लावायचे आणि मग म्हणायचे, "घाई कोनाले हाये, कुंदाबाई? कोळसा येवढी वर्सं जमिनीत थांबला. उद्यापर्यंत पयून जाते का?" मी चिडून मशीनवर इतक्या जोरात बोटं आपटायची की कागदाला भोकं पडायची. पण त्यांचा नकाशा कधी परत आला नाही, हेही खरं.

एक गोष्ट त्यांच्यात फार कडक होती. दुसऱ्याचं कापड अंगाला लावायचे नाहीत. एकदा काळ्या शाईची बाटली कलंडली आणि छातीपासून पोटापर्यंत शर्ट बरबटला. आमच्या चपराशाकडे धुतलेला, घडी केलेला एक शर्ट होता. बिचाऱ्यानं मोठ्या मनानं आणून दिला. रामटेकेभाऊंनी त्याच्या हाताला हात लावून नमस्कार केला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तसाच शाईचा शर्ट घालून एसटीनं घरी गेले आणि स्वतःचा शर्ट घालून परत आले. ऑफिस सुटायला अर्धा तास उरला होता. मी म्हटलं, "काऊन एवढा आटापिटा? घातला असता त्याचा, तर काय बिघडलं असतं?"

"कपडा आपला असला का मानूस आपला राह्यते," म्हणाले, आणि टेबलावर वाकले. मला वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव. पुढे विचारलं नाही.

त्या दिवसांत आमच्या खाणीवर नवी यंत्रं बसवायला परदेशी इंजिनियर आले होते. बायकापोरांसकट. नदीच्या बाजूला त्यांच्यासाठी बंगल्यांची रांग बांधली होती, एक क्लबघर होतं. देश कोणता ते सांगत बसत नाही. आम्ही सगळ्यांना इंग्रजच म्हणायचो आणि ते चिडायचे. त्यांचे मुख्य मार्टिनसाहेब. उंच, सडपातळ, चष्मेवाले. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, उन्हात माणूस बनियनवर येतो, हा गडी भर मे महिन्यात गडद निळा सूट आणि टाय घालून ऑफिसात बसायचा. घाम गळायचा, पण टाय सैल नाही. मनानं चांगला होता. माझ्या हातचे झिंगे खाऊन डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा मागायचा.

तर ठरलं असं, की इथल्या तिघांना त्यांच्या देशात शिकायला पाठवायचं. दोन इंजिनियर आणि एक ड्राफ्ट्समन. सहा महिने. आल्यावर बढती. ड्राफ्ट्समन दोघंच होते, रामटेकेभाऊ आणि नागपूरचा एक पोरगा. निवडणार मार्टिनसाहेब.

मी त्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा घाई करताना पाहिलं. इंग्रजी पेपर मागवायला लागले. तो आमच्याकडे दुसऱ्या दिवशी शिळा होऊन यायचा, तरी मोठ्यानं वाचायचे. डब्यातला भात काट्याचमच्यानं खायला लागले. भात काट्यातून खाली, आणि भाऊ गंभीर. मी हसून हसून बेजार. "अहो, असं खात राहिले तर उपाशी मराल तिकडं!" तर म्हणाले, "हासा. मी विमानात बसलो का तुमीच रडान." आणि मग हळूच म्हणाले, "बाबाले सांगून ठेवलं हाये. म्हातारा आत्ताच सांगत फिरून राह्यला, माहा पोरगा इलायतेले चालला म्हनून."

म्हातारे वडील गावी होते. त्यांचं नाव निघालं की भाऊंचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा.

आणि त्यांनी सूट शिवला. चांद्याच्या गोल बाजारातल्या शिंप्याकडून, तीनदा माप देऊन. घरात दोन वर्षं कोणी नवं कापड घेतलं नव्हतं, वहिनीनंच मला सांगितलं. गडद निळा. दुसरा कोणता रंग त्यांना सुचणार? सूट म्हणून रोज डोळ्यांसमोर होता तो एकच.

नाताळ संपला आणि क्लबघरातून निमंत्रणं आली. त्यांच्या कुठल्याशा सणाची, वेशभूषेची पार्टी. प्रत्येकानं काहीतरी बनून यायचं, सगळ्यात चांगल्या वेषाला बक्षीस. त्या लोकांना आपल्या देशात बर्फात हे करायची सवय, इथे करमेना म्हणून इथेही. आमच्या ऑफिसातल्या पाचसहा जणांना बोलावलं होतं. मार्टिनसाहेब स्वतः खोलीत येऊन म्हणाले, रामटेके, नक्की ये, तुझ्याशी बोलायचं आहे.

बोलायचं काय असणार? आम्हा दोघांनाही ते न सांगता कळलं. साहेब गेल्यावर मी विचारलं, "मग काय बनून जाल?"

"मी नाई सोंग घेत."

"अहो, खेळ आहे तो. कोणी साधू बनेल, कोणी वाघ बनेल."

"आमच्या घरी सोंग घेत नाईत, कुंदाबाई." आवाज असा होता की मी मशीनकडे वळले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "सायबानं या म्हनलं तं जातो. माह्या कपड्यात जातो. सूट हाये न."

मला ते बरंच वाटलं. इतका जीव लावून शिवलेला, घालायला जागा तरी मिळेल.

मी राणी बनून गेले. कोणत्या राज्याची ते मलाही माहीत नव्हतं. सासूचं हिरवं नऊवारी लुगडं, पुठ्ठ्याचा मुकुट. माझा नवरा सोबत होता, तो शिपाई झाला म्हणजे खाकी पँट घातली. क्लबघरात जाऊन बघते तर एकेक नग! कोणी समुद्री डाकू, कोणी अरबाचा शेख. एकाने दोरीचा साप करून गळ्यात घातला होता, गारुडी म्हणे. एकानं तर तोंडाला काळं फासून डोक्यावर खाणीतला दिवा बांधला होता. आमचाच मजूर झाला होता तो. मला ते आवडलं नाही, पण खोटं कशाला बोलू, हसू आलं. मार्टिनसाहेब महाराजा झाले होते. उघड्या पायांवर धोतर, ते लुंगीसारखं गुंडाळलेलं, आणि डोक्यावर ही मोठी पगडी.

तेवढ्यात दारात रामटेकेभाऊ आले. निळा सूट, टाय, चष्मा. केस पाणी लावून मागे वळवलेले. ताठ चालत सरळ साहेबांपाशी गेले, हात पुढे केला आणि आठ दिवस पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "गुड ईव्हनिंग, सर. आय ॲम व्हेरी हॅपी टू कम."

सगळे वळून बघायला लागले. मग असा हशा फुटला! डाकू हसतोय, शेख हसतोय, गारुडी मांडीवर थापा मारतोय. टाळ्या. मार्टिनसाहेब तर खुर्ची धरून हसले. भाऊंच्या खांद्यावर हात टाकून स्वतः त्यांच्याशेजारी उभे राहिले, तसाच चष्मा, तीच उंची, तोच रंग सुटाचा, आणि बायकोला ओरडून म्हणाले, बघ, बघ! भाऊही हसले. त्यांना वाटलं, आनंद झाला लोकांना आपण आलो म्हणून.

मला कळायलाही वेळ लागला. त्या सगळ्या लोकांना वाटलं होतं की रामटेके मार्टिनसाहेबांचं सोंग घेऊन आलाय.

खाणं झालं. भाऊ काट्याचमच्यानं जेवले, एक शीत सांडलं नाही. मी लांबून बघत होते आणि मनातल्या मनात देवाला म्हणत होते, लवकर संपव हे. मग मार्टिनबाई खुर्चीवर चढल्या आणि बक्षीस जाहीर केलं. पहिलं बक्षीस, म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला. पण या लुंगीवाल्याला नाही, त्या सूटवाल्याला!

तेव्हा भाऊंना कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला म्हणून सांगते. राग नाही, काही नाही. नुसता रिकामा. चालत पुढे गेले. बिस्किटांचा मोठा रंगीत डबा होता, तो दोन्ही हातांनी घेतला, थँक यू म्हणाले. माझं डोकं फिरलं. मुकुट काढून मी तरातरा पुढे निघाले, त्या बाईला सांगायला, की बाई गं, तो त्याचा स्वतःचा सूट आहे, त्यानं पोटाला चिमटा घेऊन शिवलाय! भाऊ मधे आले. "राहू द्या, कुंदाबाई," म्हणाले. "त्यायचा सण हाये." आणि डबा काखेत धरून निघून गेले. साहेब बोलणार होते, ते राहूनच गेलं.

सोमवारी त्यांनी तो डबा ऑफिसात उघडा ठेवला. ज्याला हवं त्यानं खावं. स्वतः एक बिस्कीट तोंडात घातलं नाही. अंगावर नेहमीचा पांढरा शर्ट.

दुपारी साहेबांनी आत बोलावलं. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, तुझी निवड झाली. भाऊ म्हणाले, माझे वडील आजारी आहेत, मला जाता येणार नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. विचार कर, म्हणाले, आठवडा घे. भाऊंनी आठवडा घेतला नाही. नागपूरचा पोरगा गेला.

डबा खाताना मी त्यांना सोडलं नाही. "म्हाताऱ्याले काय झालं? परवाच तर तुम्ही म्हणत होते, शेतात जाते म्हणून! काऊन खोटं बोलले?"

ते भात चिवडायला लागले. मग म्हणाले, "शिमग्याले आमच्या गावात सायबाचं सोंग निघे. मालगुजाराच्या घरचा फाटका कोट, डोक्शावर भोपळ्याची टोपी. थे सोंग आमच्याच घराकडं. आधी आजा, मंग बाबा. सारं गाव सलाम करे, सलाम सायब, सलाम सायब, अन् शेन मारे. बाबा हासत उभा राहे. हासा लागे. नाई हासला तं धान नाई भेटे. मी बारका होतो, पाह्यलं हाये मी." डबा बाजूला सरकवला. "चांद्याले धम्माची दीक्षा झाली, बाबा जाऊन आला. मंगच्या शिमग्याले त्यानं थो कोट साऱ्या गावासमोर होळीत टाकला. मार खाल्ला. पन टाकला. म्हने, आता ह्या घरात कोनी सोंग घेनार नाई."

"अहो, पण या लोकांना कुठं माहीत होतं हे?"

"तेच तं. माहीत असतं तं भांडलो असतो." मग म्हणाले, "थे मले मानूस म्हनून धाडून राह्यले का सोंग आवडलं म्हनून, मले काय समजे? तिकडं गेलो अन् कोट घातला, अन् पुन्हा हासले तं?"

मी भांडले त्यांच्याशी. मूर्ख म्हटलं, अगदी तोंडावर. काही उपयोग झाला नाही. दोन महिन्यांनी मार्टिनसाहेबांनीच बोलता बोलता मला सांगितलं, रामटेकेचं नाव मी पार्टीच्या आधीच पक्कं केलं होतं, त्या दिवशी तेच सांगणार होतो. मी धावत जाऊन भाऊंना सांगितलं. ते रेघ ओढत होते. "हूं," म्हणाले. रेघ पुरी केली. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

पुढे ती यंत्रं बसली, गोरे लोक गेले, क्लबघरात बँक आली. नागपूरचा पोरगा बढती घेऊन भाऊंचा साहेब झाला आणि भाऊ त्याला उभं राहून 'सर' म्हणायचे. मला ते बघवत नसे. काही वर्षांनी माझी बदली ब्रह्मपुरीकडे झाली. आणि अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला कळलं की भाऊंचे वडील खरंच आजारी आहेत. आरमोरीला जायचंच होतं, वाटेत त्यांच्या गावी उतरले.

अंगणात बाजेवर म्हातारा, बाजूला भाऊ. म्हाताऱ्याचा हाडांचा सापळा झाला होता, पण आवाज खणखणीत. मी ऑफिसातली म्हटल्यावर सुरूच झाला. "तू होती का वं तवा? थ्या गोऱ्या सायबानं माह्या पोराले दगा देल्ला! कबूल करून दुसऱ्याले नेलं! त्याचं वाटोळं होवो!" असं प्रत्येक येणाऱ्याला ऐकवत असावा. तोंडपाठ होतं. मी भाऊंकडे पाहिलं. घरी त्यांनी असं सांगितलं होतं तर. तो माझा विषय नव्हता.

म्हातारा साहेबाच्या बायकापोरांवर उतरला तेव्हा मात्र भाऊंना राहवेना. "बाबा, शिव्या नोको देऊ. सायबानं दगा नाई देल्ला. मीच नाई गेलो."

आणि तिथेच, बाजेच्या कडेला बसून, सगळं सांगितलं. सूट, हशा, बक्षीस. खाली मान घालून. सांगून झालं तरी मान वर केली नाही. मला वाटलं, आता म्हातारा पोटाशी धरेल, म्हणेल, शाबास पोरा, माझा शब्द राखलास. भाऊंनाही तेच वाटत असावं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "कोट कोनाचा होता?"

"माहा."

"फाटका होता?"

"नाई बाबा. नवा. माप देऊन शिवला."

"मंग सोंग कसं झालं थे?"

भाऊ बाजेची दोरी चिवडायला लागले.

"अरे, मी हासत उभा राहो, कारन मले जायले जागा नोयती," म्हातारा म्हणाला. शिव्या देतानाचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे, अगदी बारीक बोलत होता. "मी थो कोट जाळला थे तू तुह्या कोटात जावं म्हनून. घरी बसावं म्हनून नाई जाळला, सुखदेव." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

वहिनीनं चहा आणला, तो कोणी धड प्यायला नाही. भाऊ मला फाट्यावर सोडायला आले. एसटी आली, मी चढले, खिडकीशी बसले. तेव्हा ते खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जायले पाह्यजे होतं, कुंदाबाई. हासले असते तं हासू देल्लं असतं. म्हाताऱ्यानं साऱ्या गावात सांगतलं असतं. पत्र आलं का घरोघरी नेऊन वाचून घेतलं असतं..."

कंडक्टरनं घंटी मारली. भाऊ गाडीसोबत चालत राहिले, एक हात खिडकीच्या गजावर. मग हात सुटला. मी वाकून मागे पाहिलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि अजून बोलतच होते, गाडीच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं.